एलियस काढू नका, तेवढ्यापुरता टाळा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील लिनक्स सर्व्हरवर रूट (सर्वाधिकार असलेल्या) खात्यातून जुन्या फाइलींवर नव्या फाइली चढवताना ‘सीपी’ ही फाइलींची नक्कल करणारी कमांड प्रत्येक फाइलीसाठी ‘ओव्हरराइट’ करण्याची परवानगी मागते. ‘हायफन एफ’ देऊनही विचारणा थांबत नाही. ती तात्पुरती कशी बंद करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : टर्मिनलमध्ये ‘टाइप सीपी’ असे लिहून पाहा, बहुधा ‘सीपी’ हा ‘सीपी हायफन आय’ याचा एलियस, म्हणजे शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) आपोआप उलगडून घ्यायचे टोपणनाव, असल्याचे दिसेल. यातील ‘आय’ म्हणजे जुन्या फाइलीवर लिहिण्याआधी विचारणे. रेड हॅट परिवारातील अनेक आवृत्त्यांमध्ये रूट खात्याच्या ‘बॅशआरसी’ फाइलीतच (बॅश हा शेल सुरू होताना ती वाचतो) ‘सीपी’, ‘एमव्ही’ (फाइल हलवणे) आणि ‘आरएम’ (फाइल पुसणे) यांचे असे एलियस दिलेले असतात. आपण दिलेला ‘एफ’ त्या ‘आय’ला जोडून जातो, पण ‘सीपी’मध्ये ‘एफ’चे काम वेगळे आहे : आधीची फाइल उघडता आली नाही तर ती काढून पुन्हा प्रयत्न करणे, एवढेच. त्यामुळे विचारणा कायम राहते. ‘आरएम’चे मात्र उलट आहे. तेथे नंतर आलेला ‘एफ’ आधीच्या ‘आय’ला रद्द करतो आणि संरक्षण नकळत निघून जाते, हा फरक प्रयोगशाळेतील प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे.

एकाच वेळेपुरता एलियस टाळण्यासाठी ‘सीपी’च्या आधी, जागा न सोडता, बॅकस्लॅश लावावा. त्याच नावाचे शेल फंक्शनही (एका नावाखाली लिहिलेला कमांडींचा संच) कोणी लिहून ठेवले असेल, तर बॅकस्लॅश पुरत नाही. तेव्हा ‘सीपी’च्या आधी ‘कमांड’ हा शब्द लिहावा, म्हणजे एलियस आणि फंक्शन दोन्ही टळतात.

बॅशच्या चालू सत्रातील सगळेच एलियस थांबवायचे असल्यास ‘शॉप्ट’ला (बॅशचे पर्याय चालू-बंद करणाऱ्या कमांडला) ‘हायफन यू’ आणि ‘एक्सपांड अंडरस्कोर एलियसेस’ असे सांगावे. ‘यू’च्या जागी ‘एस’ लिहिल्यावर ते पूर्ववत होतात. ‘अनएलियस’ने एलियस त्या सत्रातून पुसला जातो. आपल्या कामाला बॅकस्लॅशच पुरेसा आहे, आणि रूट खात्यात तर मी त्यापलीकडे जाण्याचा सल्ला देणार नाही.

हेच काम पुढे स्क्रिप्टमधून करणार असाल, तर बॅश स्क्रिप्टमध्ये एलियस सहसा उलगडतच नाहीत, त्यामुळे ‘सीपी’ तेथे काहीही न विचारता जुनी फाइल पुसून टाकते. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘हायफन बी’ द्यावे, म्हणजे जुनी प्रत नावाच्या शेवटी टिल्ड (~) लावून शिल्लक राहते. मात्र पुढच्या खेपेस तीच प्रत बदलली जाते, तेव्हा ती आधीच दुसरीकडे हलवावी.