मागचे शॉकअप घरी बदलावेत का?

प्रश्न : माझ्या स्विफ्टचा मागचा डावा शॉकअप तेल गाळतोय, खड्ड्यात गाडी दणके देते. अंगणातच बदलू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर बदला, पण दोन्ही एकदम. एक नवा, एक जुना असला की गाडी दोन बाजूंना वेगळी वागते. तुमच्या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे स्प्रिंग दाबायचं यंत्र लागत नाही.

कळकळीने सांगतो, हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्याच चाकांना लागतो आणि तीच तुम्ही उचलणार. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (चाक सरकू नये म्हणून अडसर) लावा, गाडी जॅकने उचला आणि भार जॅक-स्टँडवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी तिवईवर, घ्या. विटांवर अजिबात नको, त्या भाराखाली अचानक फुटतात.

बोल्ट काढण्याआधी ॲक्सलखाली, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, दुसरा जॅक टेकवा. शॉकअप सुटला की ॲक्सल खाली लोंबतं, ब्रेकचा पाइप ताणला जातो, स्प्रिंगही निसटू शकते. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा.

नव्या शॉकअपचा खालचा बोल्ट आधी हलकाच लावा. गाडी चाकांवर उभी राहिली की मगच पूर्ण आवळा, नाहीतर बोल्टभोवतीचा रबरी बुश (रबराची नळी) पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.