अर्धगोलाकार, गोलार्धी की घुमटी?

नागपूरच्याच एका वाचकांचा प्रश्न आहे : ‘माझी मुलगी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे आलेल्या मराठी टिपणांत “अर्धगोलार्ध दहन कक्ष” असा शब्द आहे. दुसरीकडे “अर्धगोलाकार” दिसतो, आणि तिचे मित्र इंग्रजी ‘हेमिस्फेरिकल’ तोडून नुसतं “हेमी” म्हणतात. यातलं बरोबर काय? आणि एखाद्या इंजिनाला हे नाव लावायचं ते नेमकं कशावरून?’

भाऊ, आधी ‘अर्धगोलार्ध’ खोडायला सांगा. गोलार्ध म्हणजेच अर्धा गोल. त्याच्या आधी आणखी एक ‘अर्ध’ लावला की उरतो पाव गोल. उत्तर गोलार्धाला कोणी उत्तर अर्धगोलार्ध म्हणत नाही, तसंच हे.

‘दहन कक्ष’ हिंदी पुस्तकांतून आलेला आहे. तो चुकीचा नाही, पण मराठी कानाला दहन म्हटलं की काहीतरी जाळून संपवणं आठवतं : होलिकादहन, रावणदहन. आपल्या नागपुरात तर रोजच्या बोलण्यात दहनघाट आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण भडकतं आणि त्या भडक्यातून काम होतं. त्याला ‘ज्वलन’ शोभतं. मराठी विश्वकोशातली नोंदही ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ अशीच आहे. तेव्हा मिश्रण जिथे भडकतं त्या पोकळीला ज्वलनकक्ष म्हणायचं, आणि तो शब्द एकत्र लिहायचा.

आता खरा प्रश्न : अर्धगोलाकार की गोलार्धी?

मी भाषेची विद्यार्थिनी, इंजिनाची नाही. म्हणून महाल भागातल्या आमच्या घराजवळच्या गॅरेजात गेले. तिथे शंभर सीसीच्या एका जुन्या मोटारसायकलीचं हेड, म्हणजे ज्या सिलिंडरात पिस्टन वरखाली धावतो त्याच्यावरचं झाकण, उतरवून वर्तमानपत्रावर उलटं ठेवलेलं होतं. काजळी ब्रशने घासून काढलेली. आत एक गोलसर खोलगट भाग, त्यात एकमेकांसमोर तिरपी बसलेली दोन चकत्यांसारखी तोंडं. एक मोठं, एक लहान. कडेला ठिणगी पाडणाऱ्या प्लगचं भोक. मेकॅनिकने त्या खोलगट भागात थोडं पेट्रोल ओतलं आणि खालच्या नळ्यांकडे बघत थांबला. लहान तोंडाच्या नळीतून थेंब झिरपायला लागला, तेव्हा म्हणाला, “पाहा ताई, हा वॉल शीटवर नाही बसून राह्यला. वाटीत पेट्रोल टिकलं पायजे.” (वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, ती उघडझाप करणारी चकती; शीट म्हणजे तिची बैठक.)

वाटी. मला हा शब्द फार आवडला. आपण खोबऱ्याच्या अर्ध्या तुकड्यालाही वाटीच म्हणतो, म्हणजे अर्ध्या गोलाला मराठीत घरचा शब्द आहेच. पण घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. मेकॅनिकला ती वाटी दिसते, कारण त्याच्यापुढे हेड नेहमी उलटं असतं. गाडीवर चढवलं की तोच भाग पिस्टनच्या डोक्यावर छत होतो. चालत्या इंजिनाच्या बाजूने पाहिलं तर ती वाटी नाही, घुमट आहे.

दीक्षाभूमीच्या स्तूपात उभं राहून वर पाहिलं असेल तर हा फरक चटकन कळेल. तो स्तूप आतून पोकळ आहे, त्यामुळे घुमट आपल्याला आतल्या बाजूने दिसतो. आपल्याला इथे हवा आहे तो हा आतून पाहिलेला आकार.

‘वाटी’ न घेण्याचं आणखी एक कारण आहे. डिझेल इंजिनांत, म्हणजे ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये, बहुतेक वेळा हेडची खालची बाजू सपाट असते आणि खळगा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला असतो. डिझेलचा फवारा त्या खळग्यात पडतो. ती खरीखुरी वाटी, सरळ ठेवलेली. आपल्या हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टर बनतात, त्यामुळे हा पिस्टन पाहिलेले लोक नागपुरात पुष्कळ आहेत. ज्वलनकक्षाला नुसतं ‘वाटी’ म्हटलं तर त्यांना पिस्टन आठवेल, हेड नाही.

आता हे नाव कशावरून ठरतं ते. हेडमधलं छत घुमटाचं हवं, आणि त्या घुमटाच्या दोन उतारांवर दोन व्हॉल्व्ह एकमेकांसमोर तिरपे हवेत, एक हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. या दोन गोष्टी मिळून हे इंजिन ओळखायचं. सपाट छताला दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी बसवायचे तर दोघांना सिलिंडरच्या रुंदीतच जागा वाटून घ्यावी लागते. छत घुमटाचं केलं की उतारामुळे जागा वाढते आणि व्हॉल्व्ह मोठे घेता येतात. हवा एका बाजूने येते, धूर समोरच्या बाजूने जातो, मध्ये वळसा नाही. प्लग मधोमध किंवा मधल्या भागाच्या जवळ येऊ शकतो. शिवाय तेवढ्याच पोकळीला घुमटाची भिंत कमी लागते, म्हणून भिंतीतून वाया जाणारी उष्णताही कमी. (आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा का, हे मी मेकॅनिकला विचारलं. धुराला आतला दाब ढकलतो, हवेला मात्र फक्त बाहेरच्या वातावरणाचा दाब आत लोटतो, म्हणून तिला दार मोठं लागतं.)

मग यात ‘अर्धा गोल’ किती खरा? हे मी वहीत मांडून पाहिलं. तुमच्या मुलीनेही मांडून पाहावं, दहा मिनिटांचं काम आहे.

सिलिंडरची रुंदी ५० मिमी आणि पिस्टनची धाव ५० मिमी धरा. पिस्टन जेवढी जागा झाडतो ती होते सुमारे ९८ घनसेंटीमीटर, म्हणजे आपल्या शंभर सीसीच्या गाडीएवढी. आता छत अगदी पुरा अर्धा गोल केला, त्रिज्या २५ मिमी, तर त्या घुमटाची पोकळी भरते सुमारे ३२.७ घनसेंटीमीटर. ९८ आणि ३२.७ यांची बेरीज करून ३२.७ ने भागा : ४. म्हणजे मिश्रण दाबलं जाणार चारास एक. रुंदी आणि धाव सारखी असलेलं कोणतंही इंजिन घ्या, सपाट पिस्टन आणि पुरा अर्धा गोल असेल तर उत्तर नेमकं ४ च येतं. सूत्रातच ते बसलेलं आहे.

चारास एक हा दाब फारच कमी. आजच्या पेट्रोल इंजिनाला साधारण नवास एक तरी लागतो. त्यासाठी ९८ घनसेंटीमीटरच्या इंजिनात ज्वलनकक्ष जेमतेम १२ घनसेंटीमीटरचा हवा. म्हणजे पुऱ्या अर्ध्या गोलाच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच रुंदीचा घुमट तेवढ्याच पोकळीत बसवायचा तर त्याची उंची २५ मिमी नाही, १२ मिमीच्या आसपासच राहते. तो गोलाचा अर्धा नाही, गोलाची वरची टोपी आहे.

दुसरा मार्ग म्हणजे घुमट खोलच ठेवायचा आणि पिस्टनचा माथा फुगवून त्यात घुसवायचा. मग काय उरतं, ते संत्रं हातात घेऊन पाहावं. आडवं कापलेलं अर्धं संत्रं घ्या, साल घुमट समजा आणि आतला गर फुगलेला पिस्टन. जळायला जागा उरते ती फक्त सालीच्या जाडीएवढी, वळलेली आणि पातळ. इंजिनं बनवणारेही या पोकळीला संत्र्याच्या सालीचीच उपमा देतात, हे वाचलं तेव्हा नागपूरकर म्हणून मला विशेष आनंद झाला. अशा वळलेल्या जागेतून ज्योत पसरायला वेळ लागतो आणि भिंत वाढल्यामुळे घुमटाचा मूळचा फायदाही कमी होतो.

म्हणजे ज्याला आपण ‘अर्धगोलाकार’ म्हणतो त्यात पुरा अर्धा गोल सहसा नसतोच. इथे मला पाणिनी आठवला. त्याचं सूत्र आहे ‘अर्धं नपुंसकम्’ (२.२.२). नपुंसकलिंगी ‘अर्ध’ म्हणजे अगदी समान अर्धा भाग, आणि तो समासात आधी येतो : पिप्पलीचा बरोबर अर्धा भाग तो अर्धपिप्पली. जिथे अर्ध म्हणजे बरोबर अर्धा नसून नुसता ‘एक भाग’ असतो, तिथे तो मागे जातो : ग्रामार्ध, नगरार्ध. हा काटेकोरपणा धरला तर ‘अर्धगोल’ म्हणजे मोजून अर्धा, आणि ‘गोलार्ध’ म्हणजे गोलाचा एक भाग, मग तो अर्ध्याहून कमी असला तरी चालेल. आपल्या १२ मिमीच्या टोपीला व्याकरणातच जागा मिळाली! मराठीने हा भेद पाळलेला नाही, हे खरं. भूगोलातला गोलार्ध बरोबर अर्धाच असतो. पण शब्द निवडायची वेळ आली की अशा जुन्या वाटेचा आधार मला मोलाचा वाटतो.

त्याहून रोजच्या व्यवहारातलं कारण वेगळं आहे. मराठीत ‘गोल’ म्हणजे चेंडूही आणि बांगडीही. शाळेत बाई म्हणतात, “मुलांनो, अर्धगोलात बसा,” तेव्हा मुलं चंद्रकोरीसारखी जमिनीवर बसतात. अर्धगोलाकार टेबल म्हटलं की एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने वळलेली सपाट फळी डोळ्यापुढे येते. ‘अर्धगोलाकार ज्वलनकक्ष’ वाचून एखाद्या विद्यार्थिनीने वहीत अर्धं वर्तुळ काढलं तर दोष तिचा नाही, शब्दाचा आहे. ‘गोलार्ध’ हा शब्द मात्र भूगोलाच्या पुस्तकातून घट्ट बसलेला आहे. तो ऐकून कोणाच्याही मनात सपाट आकृती येत नाही. म्हणून लेखी मराठीत माझी निवड ‘गोलार्धी ज्वलनकक्ष’.

आणि ‘हेमी’? हा ग्रीक शब्द, अर्थ अर्धा. डॉक्टर ज्याला हेमिप्लेजिया म्हणतात त्याला आपण अर्धांगवायू म्हणतो, तोच हा हेमी. संस्कृतात जिथे शब्दाच्या आरंभी ‘स’ तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘ह’ येतो. आपला सप्त तिकडे हेप्टा आहे. त्याच नात्याने ग्रीक हेमी, लॅटिन सेमी आणि संस्कृत ‘सामि’ हे तिघे एकाच घरचे. सामिकृत म्हणजे अर्धवट केलेलं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘सामि’ एवढंच एक सूत्र आहे (२.१.२७). तेव्हा तुमच्या मुलीचे मित्र ‘हेमी’ म्हणतात ते अगदी परकं नाही. हेम म्हणजे सोनं, हेमंत, हेमा यांच्याशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

पण ‘हेमी’ सरसकट वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तो एका कंपनीचा नोंदवलेला व्यापारी शब्द आहे. अमेरिकेतल्या क्रायस्लरने १९५१ मध्ये ‘फायरपॉवर’ नावाचं आठ सिलिंडरचं, ३३१ घनइंचांचं, १८० अश्वशक्तीचं इंजिन आणलं. त्याचं छत घुमटाचं होतं. ‘हेमी’ हे नाव खरं गाजलं ते १९६४ च्या ४२६ घनइंचांच्या इंजिनामुळे. त्याच वर्षी डेटोना ५०० या शर्यतीत रिचर्ड पेटी ते इंजिन असलेली गाडी घेऊन जिंकला. म्हणून ही रचना क्रायस्लरचीच असं पुष्कळांना वाटतं. पण जॅग्वारचं १९४८ मध्ये लोकांपुढे आलेलं एक्सके इंजिनही गोलार्धीच होतं, आणि ही कल्पना दोघांच्याही बरीच आधीची. उलट २००३ मध्ये क्रायस्लरने ५.७ लिटरचं इंजिन ‘हेमी’ नावानेच आणलं, पण त्याचा घुमट बराच चपटा केलेला आणि दर सिलिंडरला दोन प्लग दिलेले, मिश्रण लवकर पेटावं म्हणून. आपल्याकडच्या पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनातही, त्याच वर्षी, दोन प्लग आले. नाव कायम आणि आकार बदललेला, असं झालं की तो शब्द परिभाषेच्या कामाचा राहत नाही.

बोलताना काय म्हणावं? मी ‘घुमटी’ म्हणेन. त्याच्याशी जुळणारे बाकीचे शब्दही मराठीत तयार आहेत. आजच्या चार व्हॉल्व्हच्या इंजिनांत छत घुमटाचं नसतं. दोन उतरत्या बाजू असतात आणि प्रत्येक उतारावर दोन व्हॉल्व्ह. वळलेल्या घुमटावर चार व्हॉल्व्ह चार दिशांना तोंड करून बसले असते आणि त्यांना हलवणारे दांडे जुळवणं अवघड झालं असतं. दोन सपाट उतारांवर ते जोडीजोडीने सरळ बसतात, प्लगला बरोबर मधली जागा मिळते. गोलार्धी रचना मागे पडली ती मुख्यतः यामुळे. कौलारू घराच्या अशा छपराला आपण दुपाखी म्हणतो, तर हा दुपाखी ज्वलनकक्ष. एका बाजूला उंच आणि दुसरीकडे निमुळता असेल तो पाचरी. घुमटी, दुपाखी, पाचरी : तिन्ही शब्द घर बांधणाऱ्यांचे आणि सुतारांचे, आणि ऐकताक्षणी छताचा आकार सांगणारे.

मुलीच्या वहीत हे असं लिहिता येईल : गोलार्धी (घुमटी) ज्वलनकक्ष म्हणजे हेडमधला घुमटाच्या आकाराचा ज्वलनकक्ष, ज्याच्या दोन उतारांवर आत घेणारा व बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह एकमेकांसमोर तिरपे बसवलेले असतात. शेजारी आकृती काढताना मात्र तिला सांगा, हेड सरळ काढ, घुमट वर आणि पिस्टन खाली.