मानवी तस्करीतून सुटून आलेल्या व्यक्तीला सावरण्यात नात्यांचा काय वाटा असतो?

समुपदेशन चालू असताना घरच्यांनी, मैत्रिणींनी वेगळं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बरंचसं काम तुमच्याच हातात आहे. देहविक्रीसाठी अनेकदा ओळखीच्याच माणसाने फसवलेलं असतं: प्रियकर, नातेवाईक, नोकरी लावून देतो म्हणणारा. जखम नात्यातून झालेली, ती भरतेही नात्यातूनच. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली हेच मांडलं: एकटं राहून कुणी सावरत नाही, आणि आधी हवी सुरक्षितता, आठवणींना हात घालायचा तो नंतर.

ही सुरक्षितता फार साध्या गोष्टींत असते. तिच्या खोलीत जाताना दार वाजवा. सहाला येतो म्हणालात तर सहालाच या. जवळ घेण्याआधी विचारा, आणि ती 'नको' म्हणाली तर खरंच थांबा. इतके दिवस तिच्या 'नको'ला किंमतच नव्हती हो!

ती चिडेल, अबोला धरेल. कधी त्या फसवणाऱ्याचीच बाजू घेईल, त्याच्याकडे परत जावंसंही वाटेल. धाक आणि माया एकाच माणसाकडून मिळाली की मन असं अडकतं. तेव्हा तिला तोडू नका.

'तू गेलीसच का?' हे तर कधीच नको. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसारही (मानवी तस्करी रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) फसवून किंवा धमकावून मिळवलेली संमती ग्राह्य नसते.

मुलगेही यात अडकतात, आणि त्यांना बोलायला माणूस मिळणं आणखी अवघड. त्यांच्याशीही असंच वागा.