खमणातले लाल डाग

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा दांडिया बाजारात तुझी आई भेटली. म्हणाली, रसायनातल्या मोलचा, म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या एककाचा, व्हिडिओ याने तीनदा बघितला, दर वेळी ‘समजलं’ म्हणाला, पण गणित समोर आलं की पेन अडतं. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे.

व्हिडिओ चांगलेच आहेत, बघत जा. फक्त शिकवणारा पुढची ओळ लिहितो तेव्हा ती तुला पटते, सुचलेली नसते. म्हणून त्याने प्रश्न मांडला की तिथेच थांबव. वहीत स्वतःचं उत्तर लिही, चुकीचं का असेना, आणि मगच पुढे जा. चाळीस मिनिटांच्या धड्याला दीड तास लागेल. लागू दे.

मोलचं भय घालवायला घरातलंच उदाहरण घे. खमण ढोकळ्यात सोडा जास्त झाला की लाल डाग पडतात, ते बघितलेस ना? खाण्याच्या सोड्याचा एक मोल म्हणजे 84 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा सुमारे 4.2 ग्रॅम धर, म्हणजे 0.05 मोल. लिंबू पुरेसं असेल तर एका मोल सोड्यातून एक मोल कार्बन डायऑक्साइड निघतो. इथे 2.2 ग्रॅम, म्हणजे घरातल्या तापमानाला जवळजवळ सव्वा लिटर वायू. एवढाशा पांढऱ्या भुकटीतून! लिंबू नसेल आणि नुसती वाफ असेल तर दोन मोल सोडा मिळून एकच मोल वायू देतो. फुगणं निम्मं, आणि मागे 2.65 ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे पाणी नसलेला धुण्याचा सोडा, उरतो. तो चांगलाच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, आणि खमणातली हळद अल्कात लाल होते. आपलं पारंपरिक कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करतात. हे दोन्ही हिशेब व्हिडिओ बंद करून मांड. दोन्ही समीकरणं तुझ्या हाताने संतुलित झाली की त्या धड्यातलं निम्मं काम झालं.

सेंद्रिय रसायनात धडा दुप्पट वेगाने पळवू नकोस. तिथे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारा वक्र बाण काढताना बघायचा असतो. बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून निघतो आणि ती जोडी जिथे जाणार तिथे पोचतो. धन प्रभारापासून निघालेला बाण दिसला की तो खोड. हे मी शेकडो वह्यांत खोडलं आहे.

एका प्रकरणाला एकच शिक्षक धर. ऊष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि कार्याच्या हिशेबात, तर नक्कीच. रसायनाच्या पुस्तकात ΔU = q + w असतं (ΔU आंतरिक ऊर्जेतला बदल, q उष्णता, w कार्य), कारण प्रणालीवर केलेलं कार्य धन धरतात. भौतिकीचा शिक्षक प्रणालीने केलेलं कार्य धन धरतो आणि तिथे चिन्ह उलटं होतं. दोघेही बरोबर असतात, पण एका रात्री दोघांना ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

अनुमापनाचे, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून दुसऱ्याचं प्रमाण मोजण्याचे, व्हिडिओ बघताना एक लक्षात ठेव, त्यातली वाट बघण्याची वेळ कापलेली असते. खऱ्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचनळीतून, अल्काचा थेंब आम्लात पडतो, फिनॉल्फ्थेलिन हा दर्शक गुलाबी होतो, फ्लास्क हलवला की रंग विरून जातो. पुन्हा थेंब, पुन्हा विरणं. शेवटी एका थेंबाने आलेला फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतो, तो अंत्यबिंदू. गडद गुलाबी झालं तर तू पुढे निघून गेलास. ही नजर कॉलेजच्या प्रॅक्टिकललाच येते, तेव्हा तो तास बुडवू नकोस. घरी आम्ल आणून प्रयोग मात्र मुळीच करायचे नाहीत.

आणखी एक. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये आपल्या बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिचे प्रमुख. रंगकाम आणि रसायन तिथे मातृभाषेतून शिकवत. तू धडे हिंदी-इंग्रजीत ऐकतोस, ते ठीकच आहे. पण रात्री जेवताना आजीला मराठीत सांगून बघ, खमण का फुगतं आणि लाल का होतं. जिथे तुझं वाक्य अडेल, ती जागा वहीत लिहून ठेव. व्हिडिओचा तेवढाच भाग पुन्हा बघायचा आहे, सगळा नाही.

रविवारी सकाळी वही घेऊन ये. अडलेल्या जागा घेऊन बसू. मला वेळ आहे.

तुझा,
काका