‘माझीच जाहिरात मी कशी करू?’

नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या तरुण चित्रकारांची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते : चित्र काढता येते, पण ते लोकांपुढे मांडताना जीव अर्धा होतो. गार्गीचीही (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) तीच तक्रार होती. तिचे वय २३ होते आणि कलाशिक्षण संपून वर्ष उलटले होते. गोदाघाटावर बसून भरलेल्या सात वह्या तिच्या पिशवीत होत्या. इन्स्टाग्रामवर मात्र तिने वर्षभरात चारच चित्रे टाकली होती आणि त्यांतली दोन त्याच रात्री काढूनही टाकली होती. “मॅडम, आपणच आपली पाठ थोपटून घ्यायची म्हणजे कसेसेच होते,” असे ती म्हणाली.

हा निव्वळ विनय नव्हता. खोदून विचारल्यावर दिसले की चित्र टाकल्यापासून ते किती जणांना आवडले हे ती दर काही मिनिटांनी पाहत असे आणि आकडा हलला नाही की ‘मला येतच नाही’ असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळी होत असे. चित्र काढून टाकले की तिला सुटल्यासारखे वाटे, आणि नेमकी ही सुटकाच पुढच्या वेळची भीती वाढवत होती.

मी तिला, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी स्वतःविषयी सांगितलेली हकिगत सांगितली. मुलींशी बोलण्याची त्यांना विलक्षण भीती वाटे. म्हणून एकोणिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमधील वनस्पती उद्यानात एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी महिनाभर बोलायचेच, असा नियम त्यांनी स्वतःला घातला. सुमारे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणी बोलल्या, एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. पण भीती गेली. गार्गीने शांतपणे विचारले, “मला नकार पचवायचाय की काम मिळवायचंय?”

प्रश्न बिनतोड होता. केवळ भीती घालवून कामे मिळत नाहीत, हे मला मान्य करावे लागले. तिची चित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा त्यांत घाट, गणपती, मांडणा, व्यक्तिचित्रे असे सगळेच होते. पण मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढायची इच्छा असलेल्या या मुलीकडे एकच पात्र सलग चार प्रसंगांत दाखवणारे एकही चित्र नव्हते. संपादक पाहणार तो नेमके तेच. मी चित्रकार नाही. म्हणून तिलाच पुस्तकांच्या दुकानात पाठवले आणि आवडलेल्या दहा पुस्तकांच्या श्रेयपानांवरून प्रकाशकांची यादी करायला सांगितली. पुढचे तीन आठवडे तिने नवी चित्रे काढली. प्रकाशकांना पाठवायच्या पत्राला मी एकच अट घातली, की त्यात स्वतःविषयी एकही विशेषण नसावे. मी काय काढते, कोणासाठी काढू इच्छिते, सोबत दहा चित्रे आहेत आणि कधीपासून काम घेऊ शकते, एवढेच लिहायचे होते. विशेषणे गेल्यावर पाठ थोपटण्याचा प्रश्नच उरला नाही. उरली ती माहिती, आणि ती द्यायला तिला फारशी लाज वाटली नाही.

तिच्या वडिलांची धास्ती निराळी होती : चित्र टाकले की कोणीतरी उचलणार. ही धास्ती अगदीच निराधार नाही. म्हणून लहान आकारातील प्रत टाकावी आणि सही कोपऱ्यात न करता चित्राच्या आतच करावी, एवढे आम्ही ठरवले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र तयार होताच त्यावर हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखीच द्यावा लागतो, हेही त्यांना सांगितले. वडील निम्मे निवळले.

अकरा ठिकाणी पत्रे गेली. सात जणांनी उत्तर दिले नाही, तिघांनी नकार कळवला आणि एका दिवाळी अंकाने एका कथेसाठी चार रेखाचित्रे मागवली. मानधन बेताचे होते. पुढच्या भेटीत तिने विचारले, “त्या सात जणांना पुन्हा लिहिले तर लोचटपणा वाटेल का?” तीन आठवडे जाऊ दे आणि पत्रासोबत एक नवे चित्र जोड, असे मी सुचवले. तिने वही उघडून सातही नावांपुढे तारीख लिहिली.