डिझेल वाचवण्यासाठी १२ लाखांचं कर्ज काढावं का?

छत्रपती संभाजीनगरहून एका ताईंनी लिहिलंय. घरी २०१८ची सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे. महिन्याला हजार किलोमीटर फिरते, ॲव्हरेज ११ देते. यजमानांच्या मनात ती सात लाखांना विकून २२ लाखांची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी, घ्यायची आहे. त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडायची आणि बाकीचे १२ लाख कर्ज, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता भागवायला मुलीच्या शिक्षणाची १५ हजारांची एसआयपी थांबवायची, वर दहा हजार पगारातून घालायचे. 'डिझेल एवढं वाचेल की हप्ता जाणवणारच नाही,' असं ते म्हणतात.

ताई, तुम्हीच दिलेले दर घेऊन हिशेब करू. डिझेल ९१ रुपये, पेट्रोल १०५. वर्षाच्या १२,००० किलोमीटरला आज डिझेल लागतं साधारण १,०९० लिटर, म्हणजे ९९ हजार रुपये. हायब्रिडचा कंपनीने छापलेला आकडा चाचणीतला असतो. रस्त्यावर, एसी लावून, घरची सगळी माणसं बसवून मी १८ धरतो. म्हणजे पेट्रोल ७० हजारांचं. वर्षाला वाचले २९ हजार.

आता कर्ज. हप्ता २४,९०० रुपये. पहिल्या वर्षात नुसतं व्याजच एक लाखाच्या घरात जातं. पाच वर्षांचं व्याज होतं २ लाख ९५ हजार, आणि तेवढ्याच काळात इंधनाचे वाचतात जेमतेम दीड लाख. नव्या गाडीचा महागडा विमा यात धरलेलाच नाही. पहिल्या वर्षाचं व्याज इंधनातून सुटायचं, तर गाडी वर्षाला ४१ हजार किलोमीटर पळायला हवी. तेवढं फिरणं असतं तर माझं उत्तर वेगळं आलं असतं.

'डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते' ही यजमानांची भीतीही काढून टाका. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रातला. तुमच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, २०३३पर्यंत आहे.

मग ११चं ॲव्हरेज तसंच सोसायचं का? मुळीच नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की दिवाळीला लावलेलं कॅरिअर अजून टपावरच आहे. ते आजच उतरवा. रिकामं असलं तरी ते वारा अडवतं. दुसरं, टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाहा आणि दर १५ दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना, तेवढी हवा भरून घ्या. समृद्धीवर लांब पल्ल्याला जाताना तर हे जिवाच्या दृष्टीनेही सांगतोय; कमी हवेचा टायर सतत वेगात तापतो आणि फुटतो.

आणि वेग. नागपूरला माहेरी जाताना गाडी ११०वर असते, असं तुम्ही लिहिलंय. ९०वरून ११०वर गेलं की हवेचा अडथळा जवळपास दीडपट होतो, आणि तो तोडायला डिझेलच जळतं. ९०ने गेलात तर दर ४०० किलोमीटरला पाऊण तास जास्त लागेल. मला तो सौदा परवडणारा वाटतो. एअर फिल्टर आणि अलाइनमेंट पुढच्या सर्व्हिसिंगला बघून घ्या.

मोजमाप मात्र टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असंच करा, मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. ॲव्हरेज साडेबारावर आलं, तर वर्षाला १२ हजार रुपये एकही रुपया कर्ज न काढता वाचतील.

एफडीला हात लावू नका. घरात अचानक दवाखाना निघाला तर तेच तीन लाख कामाला येतील. एसआयपी तर अजिबात थांबवू नका. गाडी काही वर्षं उशिरा आली तरी चालतं, मुलीच्या प्रवेशाची तारीख आपल्यासाठी थांबत नाही. पगारातून हप्त्यासाठी काढणार होतात ते दहा हजार याच महिन्यापासून आरडीत टाका. पाच वर्षांत मुद्दलच सहा लाख जमेल. यजमानांना नवी गाडी तेव्हा नक्की घेऊ द्या, या सहा लाखांनी कर्जाचा बोजा बराच हलका झालेला असेल.