फौंड्रीमालकाला फॉलोअर दाखवावेत की युनिटचे आकडे?

तंत्रज्ञानाच्या व्यवसायांची प्रसिद्धी आणि समाजमाध्यमांवरील विपणन या विषयावर बेळगाव, निपाणी आणि खानापूर येथील वाचकांनी विचारलेल्या तीन प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमची सात जणांची कंपनी आहे. फौंड्रीतील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातील) इंडक्शन भट्टीचा, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीचा, वीजवापर, धातूचे तापमान आणि प्रत्येक हीटला (एका वेळच्या वितळणीला) लागणारा वेळ नोंदवणारी यंत्रणा आम्ही बनवतो. आजवरचे ग्राहक ओळखीतून मिळाले. आता एका एजन्सीने महिन्याला ३० पोस्ट आणि सहा महिन्यांत १० हजार फॉलोअर असा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा का? शिवाय मजकूर मराठीत लिहावा, कन्नडमध्ये की इंग्रजीत, यावर आमच्यातच एकमत होत नाही.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : या स्वरूपात तो प्रस्ताव स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली यंत्रणा विकत घेऊ शकतील अशी माणसे उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि सीमेपलीकडील, महाराष्ट्रातील शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फौंड्र्यांत बसलेली आहेत. त्यांची नावे एका वहीत मावतील. त्यांतील प्रत्येक जण निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या फौंड्रीवाल्याला फोन करणार, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. अशा बाजारात १० हजार अनोळखी फॉलोअर काहीच सिद्ध करत नाहीत. त्यांचा तोटा मात्र होऊ शकतो, कारण समाजमाध्यमे नवी पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवतात, त्यांचा प्रतिसाद पाहतात आणि ती पुढे किती पसरवायची हे त्यावरून ठरवतात. विकत आणलेली खाती प्रतिसाद देत नाहीत आणि ज्याच्यासाठी पोस्ट लिहिली त्या मालकापर्यंत ती पोहोचतच नाही.

तोच पैसा एका ग्राहकाची हकीकत नीट लिहिण्यावर खर्च करावा. यंत्रणा बसवण्यापूर्वी एक टन धातू वितळवायला किती युनिट लागत होते आणि नंतर किती लागू लागले, हा एकच आकडा पुरेसा आहे. मात्र तो काटेकोरपणे काढलेला असावा. ग्रे आयर्न या एका प्रकारच्या ओतीव लोखंडाच्या महिन्याची तुलना एसजी आयर्न या दुसऱ्या प्रकाराच्या महिन्याशी केली असेल, साप्ताहिक सुट्टीनंतर थंड भट्टीत घेतलेली पहिली हीट एका महिन्यात धरून दुसऱ्यात वगळली असेल, किंवा पूर्वी वाळूसकट भट्टीत जाणारे रनर-रायझर (ओतकामानंतर भागापासून तोडलेले जादा धातूचे तुकडे) आता साफ करून जातात ही गोष्ट झाकली असेल, तर जाणता मेल्टर (भट्टी चालवणारा) ती चलाखी दोन मिनिटांत ओळखतो आणि मग आपल्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. वीज वाचल्याचे काही श्रेय वेळेवर झाकण लावणाऱ्या कामगाराला किंवा वितळलेला धातू ताटकळत न ठेवणाऱ्या मोल्डिंग (साचे बनवणाऱ्या) विभागाला असेल, तर तेही लिहावे. जाहिरातवाल्यांना हे सहसा रुचत नाही. खरेदी करणाऱ्याला मात्र नेमके हेच वाचायचे असते.

ग्राहकाची संमती लेखी घ्यावी. रिजेक्शनचे (सदोष ठरलेल्या मालाचे) प्रमाण प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये म्हणून बरेच मालक नाव देण्यास राजी नसतात. तेव्हा भट्टीची क्षमता आणि धातूचा प्रकार सांगून ‘बेळगाव परिसरातील एक फौंड्री’ एवढाच उल्लेख करावा. छायाचित्रे काढताना मागे रचून ठेवलेल्या कास्टिंगकडेही (ओतीव भागांकडेही) लक्ष असू द्यावे, कारण हायड्रॉलिक किंवा विमान उद्योगासाठी बनणाऱ्या भागांचे ड्रॉइंग अनेकदा गोपनीयतेच्या कराराखाली असते आणि आपल्या एका छायाचित्रामुळे ग्राहकाचे मोठे काम धोक्यात येऊ शकते.

ही हकीकत संकेतस्थळावर ठेवावी आणि लिंक्डइनवर संस्थापकाने स्वतःच्या खात्यावरून मांडावी; कंपनीच्या कोरड्या पानापेक्षा माणसाने लिहिलेले लोक अधिक वाचतात. भट्टीजवळ काढलेली मिनिटभराची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून पाठवता येईल, पण ब्रॉडकास्ट यादीतील संदेश आपला क्रमांक जतन करून ठेवणाऱ्यालाच पोहोचतो, हे ध्यानात ठेवून आधी तेवढी ओळख करून घ्यावी. याखेरीज इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन या संस्थेच्या बेळगाव आणि कोल्हापूर येथे शाखा आहेत. तेथे भट्टीच्या वीजवापरावर तांत्रिक व्याख्यान देण्याची संधी मिळाली, तर महिन्याच्या ३० पोस्ट सोडून द्याव्यात, इतके तिचे मोल आहे.

भाषा वाचणाऱ्याप्रमाणे ठरवावी. कोल्हापूरकडच्या मालकाला मराठीत, हुबळी-धारवाडच्या मालकाला कन्नडमध्ये आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागाला इंग्रजीत लिहावे. तिन्ही भाषा एकाच पोस्टमध्ये कोंबल्या की कोणीच पूर्ण वाचत नाही. कन्नड मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेऊ नये. आपल्याकडे भाषेवरून वाद पेटायला वेळ लागत नाही, म्हणून कंपनीच्या खात्यावरून त्यात उतरणे टाळावे. कर्नाटक राज्याने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आणलेला ६० टक्के कन्नडचा नियम नामफलकांसाठी आहे, तो तेथे पाळावा आणि मराठी ग्राहकाशी मराठीत बोलताना संकोच बाळगू नये. शहराचे अधिकृत नाव २०१४ मध्ये बदलून ‘बेळगावी’ झाले असले तरी बाहेरचे अनेक खरेदीदार जुन्याच नावाने शोध घेतात, यासाठी संकेतस्थळावर दोन्ही नावे असू द्यावीत.

पुढे एजन्सी नेमलीच, तर पाने, जाहिरात खाते आणि संकेतस्थळाचे नाव कंपनीच्या मालकीचे राहील असे करारात लिहून घ्यावे. संबंध बिघडल्यावर स्वतःच्याच पानाचा पासवर्ड मागत फिरणारे व्यावसायिक कमी नाहीत.

प्रश्न : निपाणीत माझे सीसीटीव्ही बसवण्याचे आणि लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. गूगलवर दोन ग्राहकांनी एक तारा देऊन वाईट अभिप्राय लिहिले. त्यांतील एक खोटा आहे, दुसऱ्याचे काम मात्र खरोखरच आमच्याकडून लांबले होते. एक परिचित ५० चांगले अभिप्राय विकत मिळवून देतो म्हणतात.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : विकतचे अभिप्राय घेऊ नयेत. गूगलच्या नियमांत पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय मिळवणे निषिद्ध आहे आणि केवळ खूश ग्राहकांनाच निवडून अभिप्राय मागणेही नियमबाह्य ठरते. कायद्याची बाजूही आहे : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. शिवाय निपाणीसारख्या गावात एकाच आठवड्यात ५० अपरिचित नावे आपली स्तुती करू लागली, तर लोकांना कळायला वेळ लागेल का?

ज्यांचे काम लांबले, त्यांना त्याच अभिप्रायाखाली जाहीर उत्तर द्यावे. काम किती दिवस लांबले, कशामुळे लांबले आणि आता आपण काय केले, हे तीन-चार वाक्यांत सांगावे. ग्राहकाच्या घराचा पत्ता किंवा लॅपटॉपमध्ये काय होते याचा उल्लेख चुकूनही करू नये. हे उत्तर त्या एका ग्राहकापेक्षा पुढे येणारे ग्राहक अधिक वाचतात. खोट्या अभिप्रायाबाबत गूगलकडे तक्रार नोंदवावी, परंतु नियमभंग दिसला तरच तो काढला जातो. तो काढला जाईपर्यंत त्याखाली ‘या नावाची नोंद आमच्या पावती पुस्तकात आढळत नाही, कृपया पावती क्रमांक कळवावा’ एवढेच शांतपणे लिहावे. काम संपल्यावर प्रत्येक ग्राहकाला, रुसलेल्यालाही, अभिप्रायाची लिंक पाठवण्याची सवय लावून घेतली की सरासरी हळूहळू सुधारते.

प्रश्न : आम्ही तीन मैत्रिणींनी गावोगावच्या दूध संस्थांसाठी हिशेबाचे अ‍ॅप तयार केले आहे. दैनिकाला बातमी पाठवली, ती छापून आली नाही. जाहिरात दिली तर बातमीही येईल, असे सुचवले गेले.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : जाहिरात द्यायची असल्यास ती जाहिरात म्हणूनच छापून यावी. बातमीच्या वेषातील जाहिरात वाचकाची फसवणूक करते आणि ती ओळखू आली की आपलीही पत जाते.

आपण पाठवलेल्या मजकुरात ‘क्रांतिकारी’, ‘देशातील पहिले’ असे शब्द असतील तर ते आधी काढावेत. ‘पहिले’ म्हणायचे तर पुरावा हाताशी हवा, ही अपेक्षा भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही आहे. वार्ताहराला अ‍ॅपमध्ये फारसा रस नसतो. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला फॅट आणि एसएनएफनुसार (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेल्या घन पदार्थांनुसार) बसणारा दर त्याच सकाळी मोबाइलवर दिसू लागला आणि दहा दिवसांच्या बिलावरून होणारी भांडणे कमी झाली, यात वार्ताहराला बातमी दिसते. असे घडले असेल तर पहिल्याच परिच्छेदात कोणत्या गावात, किती सभासदांच्या संस्थेत आणि कधीपासून हे लिहावे. संस्थेच्या सचिवांची परवानगी घेऊन त्यांचा क्रमांक द्यावा, म्हणजे वार्ताहराला स्वतः खातरजमा करता येईल. कन्नड दैनिकांसाठी मजकूर वेगळा लिहून घ्यावा. बातमी दुपारपूर्वी पाठवावी, दुसऱ्या दिवशी एकदाच फोन करावा आणि छापण्यापूर्वी मजकूर दाखवा असा आग्रह धरू नये.